चित्रातल्या काकी

खारेपाटणच्या आमच्या आळीतली घरं रस्त्यापासून चांगली उंच आहेत. पावसाळ्यात नदी आळीत शिरते, म्हणून जुन्या लोकांनी जांभ्याच्या तीन उभ्या पायऱ्या घेतल्या आणि वर जाडजूड उंबरा बसवला. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्त झाल्यावर या आळीची राखण आपल्याकडेच आहे असं मी धरून चाललो. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. फळ्यांचं दार काढून शटर बसवायला निघालेल्या एका दुकानदाराला मी अडवलं. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

समोरच्या काकींच्या मुलाला उंबरा कापून पायऱ्यांवर सिमेंटचा उतार करायचा होता. उतार रस्त्यात येणार, म्हणून ग्रामपंचायतीने शेजाऱ्यांच्या सह्या मागितल्या. "एक पायरी गेली की आळी गेली," असं सांगून मी सही नाकारली. मास्तरच करत नाहीत म्हटल्यावर इतरांनीही टाळाटाळ केली. उतार कशासाठी हवा, हे मी विचारलंही नाही. मुलाने कागदाची घडी घातली आणि तो निघून गेला.

त्याच सुमारास मी आळीचं चित्र काढलं. फळ्यांची दारं, पायऱ्या आणि दारात पाटावर बसलेल्या काकी. त्या रोज तिथेच असायच्या, त्यामुळे मला आयतंच फावलं. कुणीतरी ते चित्र मोबाइलवर टाकलं आणि रविवारी माणसं गाड्या थांबवून त्या दाराचे फोटो काढू लागली. मी फुशारलो, हे कबूल करतो.

चित्राची एक प्रत फ्रेम करून काकींना द्यायला गेलो. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"चित्र बरा इलाहा," त्या म्हणाल्या. "पण माका खाली उतरूक जमना नाय, म्हणान मी थंय बसतंय रे. देवळात जावन दोन वर्सा झाली."

आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पायऱ्यांची प्रत्येक कड मी निरखून काढली होती, पण काकी त्या पायऱ्या कधी उतरत नाहीत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिथेच बसून मी मुलाकडून तो कागद मागून घेतला आणि सही केली. बाकीच्यांच्या सह्याही मीच फिरून आणल्या.

उतार झाला. ओबडधोबड आहे, मला अजूनही बघवत नाही. गेल्या रविवारी एक कुटुंब मोबाइलवर माझं चित्र उघडून त्या दारासमोर उभं होतं. दारात नुसता पाट होता.

"इथे एक आजी बसतात ना?" त्यांनी मला विचारलं.

"देवळात गेल्यात," मी म्हणालो.