छर्रा अडकला की फूक

आयुष्यात मी एकच खेळ तयार केला आणि खेळ म्हणून तो अगदी टुकार होता. स्प्रिंग ओढायची, छर्रा सोडायचा, तो वर जाऊन खिळ्यांना धडकत खाली येणार आणि हमखास मधे कुठेतरी अडकणार. त्याला खालून परत उडवायला पाती नव्हती, वळवायला काही नव्हतं. एकदा सुटला की सुटला. चंद्रपूरच्या ज्या कम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होतो तिथल्या पोरांनी माझी भरपूर टर उडवली. त्यांना पडद्यावर गाड्या पळवायच्या असत, धाडधाड गोळ्या झाडायच्या असत.

"सर, हे तं मधातच थांबून राह्यलं!"

"थांबाले पाहिजे ना बाबू," मी म्हणायचो. "थांबावं म्हणूनच बनवलं."

आता त्यांना काय सांगणार? तो खेळ त्यांच्यासाठी नव्हताच. तो माझ्या बाबांसाठी होता, आणि त्यात काय अडकलं होतं ते आमच्या घरच्यांनाच ठाऊक होतं.

चंद्रपूरजवळच्या मूल या आमच्या गावी, गडचिरोली रोडवर, बाबांचं सायकलचं दुकान होतं. आम्ही भावंडं लहान असताना त्यांनी एक बोर्ड बनवला होता. सागाची फळी, स्पोकचे तुकडे तोडून केलेले खिळे, हबमधले जुने छर्रे आणि सीटच्या स्प्रिंगचा दट्ट्या. शहरात याला बॅगाटेल म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं; आमच्याकडे तो नुसता बोर्ड. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत सारं गाव बांधीतल्या चिखलात वाकलेलं, दुकानाकडे कुत्रं फिरकत नसे. तेव्हा बोर्ड निघायचा, एका बाजूला वीट लावून उतार करायचा, आणि आरडाओरडा सुरू. बाबांचा एक कडक नियम होता. छर्रा दोन खिळ्यांच्या मधे अडकला तर बोट लावायचं नाही, बोर्ड हलवायचा नाही. एक फूक मारायची, फक्त एक. पडला तर पडला. कोणी दुसरी फूक मारली की बाबा डोळे वटारायचे. जणू कुणी त्यांच्या दुकानातून पाना पळवला!

तर असे हे बाबा साठीला आले आणि आजारी पडले. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला, दुकान बंद करायला तयार नाहीत. शेवटी छातीत पाणी झालं. चंद्रपूरच्या दवाखान्यात नळी टाकून ते काढलं, पण उजवं फुफ्फुस आकसून बसलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "फुफ्फुस उघडलं पाहिजे. रोज फुगे फुगवायला लावा, जोरजोरात फुंकायला लावा. नाही उघडलं तर नागपूरला मोठं ऑपरेशन करावं लागेल, आणि यांच्या तब्येतीला ते झेपेल असं मला वाटत नाही."

मी येताना फुग्यांचं पाकीटच घेऊन आलो. बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मी का लहान पोट्टा आहो?"

मी समजावलं. बहीण सासरहून येऊन रडून गेली. मी चिडलो, ओरडलो, फुगा त्यांच्या हातात कोंबला. ते म्हणाले, "जिंदगीभर ट्यूबमंदी हवा भरली मी. आता रबर तोंडात घेऊन बसू का?" आमच्या घराण्यात हट्ट हीच काय ती इस्टेट, ती मलाही भरपूर मिळाली आहे. दोघेही दिवसभर गाल फुगवून बसायचो. फुगा तसाच राहायचा.

क्लासने नवी मशीनं घेतली तेव्हा जुन्यातलं एक मी घरी आणलं होतं. बाबा पडून पडून कंटाळतात, निदान डोळ्यांपुढे काही हलतं दिसेल म्हणून मी त्यावर आपला बोर्ड बनवायला घेतला. प्रोग्रामिंग मला शिकवण्यापुरतंच येत होतं. एक वर्तुळ म्हणजे छर्रा, ठिपके म्हणजे खिळे, दर क्षणाला वर्तुळ थोडं खाली ढकलायचं, ठिपक्याला लागलं तर उलटं फिरवायचं. पहिल्या दिवशी मजाच झाली. छर्रा थेट खिळ्याच्या डोक्यावर पडला, तिथल्या तिथे उड्या मारत राहिला आणि तिथेच उभा राहिला. माझे आकडे इतके नेमके होते की डावीकडे पडायला कारण नाही आणि उजवीकडे पडायलाही नाही. खऱ्या बोर्डावर असं कधी झालं नसतं, कारण बाबांनी ठोकलेला एकही खिळा सरळ नव्हता.

मी डोकं खाजवत बसलो होतो. बाबा कधी उठून मागे आले ते कळलंच नाही. ते वाकले आणि पडद्यावर, थेट काचेवर, त्यांनी फूक मारली.

मग खोकल्याची अशी उबळ आली की मी घाबरून त्यांना धरलं. आई तसराळं घेऊन धावली. बराच कफ पडला. बाबा घाम पुसत खुर्चीत बसले, पडद्याकडे बघितलं आणि नाराजीनं म्हणाले, "हलला नाई ना बे."

मला तिथंच हसू आलं आणि रडूही आलं. डॉक्टरांना जे हवं होतं ते या माणसानं आपणहून केलं होतं, आणि तेही एका खोट्या छर्ऱ्यासाठी.

पुढचे काही दिवस मी वेड्यासारखा त्या खेळाच्या मागे लागलो. क्लासमधला एक माईक आणला. आवाजाची पातळी मोजायची, ती ठरावीक रेषेच्या वर गेली आणि थोडा वेळ टिकली की छर्रा हलवायचा. पडद्याच्या कडेला एक हिरवी पट्टी ठेवली, फूक जितकी दमदार तितकी ती वर चढणार. आणि खिळे मुद्दाम असे दाटीनं बसवले की दर डावाला छर्रा अडकलाच पाहिजे. रोडवरून एस.टी. हॉर्न वाजवत गेली की छर्रा आपोआप सुटायचा. पंख्याचा वारा माईकवर आला तरी सुटायचा. पण पंख्याची काळजी लोडशेडिंग घेत होतं. मी कम्प्युटरपुरता एक जुना इन्व्हर्टर लावला होता.

बाबा खेळायला लागले. मी खूश होऊन क्लासला जाऊ लागलो. संध्याकाळी आलो की पडद्यावर त्यांचे गुण बघायचो. गुण चढतच होते. बाबांची छाती मात्र जिथल्या तिथे. जिना चढताना आधीसारखीच धाप. मला काही समजेना.

एकदा दुपारची बस लवकर मिळाली. घरात शिरलो तर आतून टक, टक असा आवाज. बाबा आरामात रेलून बसले होते आणि माईकवर नखानं टिचकी मारत होते. टक, की छर्रा सुटला. टक, की पुढचा सुटला.

माझं डोकं सणकलं. "बाबा! हे काय चालू आहे?"

"फूक का टिचकी, तुह्या मशीनले समजत नाई," बाबा शांतपणे म्हणाले. "त्याले मी का करू?"

एका फुकेचा नियम करणारा माणूस हा! मी तणतणत बसून प्रोग्राम बदलला, आवाज जास्त वेळ टिकला तरच छर्रा हलेल असं केलं. दुसऱ्या दिवशी बाबा माईक बनियनवर घासत होते. ते बंद केलं तर तोंड मिटून हूंऽऽ असा सूर लावला. त्यांचं डोकं माझ्यापुढे धावत होतं आणि फुफ्फुस तसंच आकसलेलं होतं. मी कीबोर्ड आपटला आणि म्हणालो, "मरा मग." असं बोलून गेलो खरा, आणि लगेच जीभ चावली.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. घरी गॅस होता, पण भात आणि पाणी ती चुलीवरच ठेवायची. पदराला हात पुसत ती बाबांना म्हणाली, "सरका बरं."

बाबा सरकले. इतकी वर्षं आमच्या बोर्डावर कधी आईचा डाव आल्याचं मला आठवत नाही. आम्ही ओरडायचो तेव्हा ती आत असायची, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी तिला बटण दाखवलं. छर्रा वर गेला, खाली आला, अडकला. आईनं माईक तोंडापुढे धरला आणि फुंकणीत फुंकते तशी फूक मारली. लांब, एकसारखी. हिरवी पट्टी सरसर चढून टोकाला लागली. मी टोक इतकं वर ठेवलं होतं की तिथे कुणी पोचेल असं मला वाटलंच नव्हतं. छर्रा सुटला, आणि खालच्या मधल्या घरात जाऊन बसला.

"एवढंच ना?" आई म्हणाली. "मी तं रोज सकाळ-संध्याकाळ फुकते. कोनं मोजलं नाई कधी."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी खुर्ची ओढली. "आन इकडं."

"आनते," आई म्हणाली, "पन माईक माह्या हातात राहीन. टिचकी दिसली का मी उठली."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं शेजारी शेजारी बसायला लागले. आई माईक त्यांच्या तोंडापुढे धरायची. बाबा फुंकायचे, खोकायचे, थुंकायचे, पुन्हा फुंकायचे. पट्टी अर्ध्यावर जायची नि पडायची. मग आई फुंकायची आणि जिंकायची. ती हसायची नाही, चिडवायचीही नाही. फक्त "आता तुमचा" म्हणायची. बाबांना त्याचाच जास्त राग यायचा. माझ्याशी बोलताना ते म्हणायचे, "तिच्या तोंडाले सवय आहे ना बे, म्हणून."

आणि मग एका सकाळी मी दुकानात डोकावलो. बाबांनी हळूहळू दुकान उघडायला सुरुवात केली होती. ते मागच्या बाजूला, टायरांच्या ढिगाआड, माझ्याकडे पाठ करून बसले होते. त्यांच्या हातात लाल फुगा होता. गाल लाल करून ते फुंकत होते, दम खात होते, पुन्हा फुंकत होते. बाजूला दोन फुगवलेले फुगे दोरीनं बांधून ठेवले होते. मी पाऊल न वाजवता मागे फिरलो. डॉक्टरनं सांगितलं, मुलानं सांगितलं, मुलीनं रडून सांगितलं, तेव्हा जे जमलं नव्हतं ते बायकोवर मात करायची म्हणून चाललं होतं. त्या क्षणी मला बाबा इतके आवडले की सांगता येत नाही.

पुढच्या तपासणीला मी बाबांना चंद्रपूरला घेऊन गेलो. आई म्हणाली, मीही येते. एरवी ती दवाखान्यात बाहेरच्या बाकड्यावर बसायची, या वेळी आत आली. डॉक्टरांनी नवा एक्स-रे दिव्यावर लावला, जुना बाजूला लावला, दोन्ही पुन्हापुन्हा पाहिले आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली.

"उघडलं की हो! छान उघडलं. ऑपरेशनचं नाव नको आता."

मी खुर्चीत मागे टेकलो. इतके महिने पोटात धरून ठेवलेली भीती सुटली, आणि डोळे भरले ते लपवायला मी खिडकीकडे बघत राहिलो. बाबांनी सदऱ्याची बटणं लावली. सुटका झाल्यासारखं त्यांनी विचारलं, "म्हंजे आता ते फुकायचं बंद ना, डॉक्टर सायेब?"

"बंद केलं तरी चालेल आता," डॉक्टर म्हणाले.

"नाई, नाई," आई मधेच बोलली. परक्या माणसापुढे ती असं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सगळे तिच्याकडे बघायला लागले तशी ती लाजली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण थांबली नाही. "बंद नोका सांगू जी यायले. मंग मी कोनासंग खेळू?"

डॉक्टर हसले. बाबा हसले नाहीत. ते उठले, तिच्या मांडीवरची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि म्हणाले, "चाल. साडेचारची बस सापडते."