नवऱ्याला आणायला गोव्याच्या बोटीवर

माजा नवरा मुंबई-गोव्याच्या बोटीवर खलाशी लागला तेव्हा आमच्या मुरबे गावात लोक हसले. घरची होडी किनाऱ्यावर उलटी पडली हाय आणि हा माणूस लोकांच्या पेट्या उचलतो. माजा भाऊ तर सरळ बोलायचा, "दाजी हवा खायला गेलेत."

हवा नव्हती खात तो. त्याच्या आधीच्या वर्सी आमच्या होडीवर तोच तांडेल होता. होडी कुठं न्यायची, कधी परतायचं, ते तांडेल बोलतो आणि बाकीचे ऐकतात. एक दिवस वारा फिरला, दुसऱ्या होड्या परतल्या. हा बोलला, एवढं एक जाळं ओढू आणि जाऊ. जाळं ओढताना माजा धाकटा दीर पाण्यात गेला. तिसऱ्या दिवशी दांडी गावाच्या बाजूला सापडला. तेराव्यानंतर यानं होडी उलटी करून ठेवली आणि मुंबईला निघून गेला. पावसाळ्यात गोव्याची बोट बंद असली की घरी यायचा, छप्पर नीट करायचा, पण किनाऱ्याकडं फिरकायचा नाय.

मी रडत बसली नाय. तीन पोरं होती, सासू होती. पहाटे मासळी घ्यायची आणि टोपली घेऊन बोईसरला कारखान्यातल्या लोकांच्या खोल्यांवर जायचं. ते विचारायचे, "मावशी, बोंबील ताजा है क्या?" मी बोलायची, "ताजा नसता तर तुज्या दारात आली असती का?" पायाला भेगा पडल्या, त्यात मिठाचं पाणी जायचं. अशी दोन वर्सं काढली.

मंग नारळी पुनवेनंतर भाऊ आला. बोलला, "आक्का, होडी मी दुरुस्त करतो. पण तांडेल दाजीच पायजेत. दिवाळीच्या आत आले तर ठीक. नायतर मी दुसऱ्याच्या होडीवर जातो, तुजी होडी इथंच सडेल."

"घेऊनच येते त्यांना," मी बोलली. खात्री होती मला. पाण्याला भ्यायलाय, हात धरून आणला की येईल, असं मी धरून चालली होती.

खलाशाच्या बायकोला त्या बोटीवर एकदा फुकट जायला मिळायचं. मी मुंबईच्या धक्क्यावर पोचली. तो वरती बोटीवरच उभा होता.

"आई कशी हाय?"

"बरी हाय. तुमाला घेऊन यायला सांगितलंय."

"आधी वर तरी ये."

आमच्या घरात बाया होडीत पाय ठेवत नाय. सगळा जन्म दर्याच्या काठाला काढला, पण पाण्यावर मी पहिल्यांदा त्या दिवशी गेली. त्यानं सावलीत चादर टाकून दिली. बोलला, "जायला एक दिवस, यायला एक दिवस. काय करायचं नाय. बस."

बसायचं कसं ते मला येत नव्हतं. कोण पत्ते खेळतंय, कोण पुस्तक वाचतंय, कोण नुसतं पाण्याकडं बघतंय. बाजूची एक बाई बोलली, "फिरायला निघालात का?" मी बोलली, "नाय, नवऱ्याला न्यायला." ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते. जेवणात सुरमई आली. मी भंडाऱ्याला, बोटीवरच्या सैपाक्याला, सांगितलं, "ही परवाची हाय." तो बोलला, "मावशी, तुमी आज गिऱ्हाईक हाव, गुपचूप खावा." खाल्ली. मंग दुपारी झोप लागली. दुपारची झोप मला लग्नानंतर म्हायतीच नव्हती. उठली तर कोणी हाक मारली नव्हती, कोणाचं काय अडलं नव्हतं.

संध्याकाळी तो चहा घेऊन आला तेव्हा मी बोलली, "पाण्याला भ्यायलात तुमी."

तो कप घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालवण आलं. बोट काठाला लागत नव्हती. लांब उभी राहायची, मंग छोटे पडाव येऊन माणसं घेऊन जायचे. बोटीच्या अंगाला शिडी सोडली. पाणी उसळत होतं, पडाव वरखाली होत होता. आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात, माजा नवरा उभा होता. एका हातात दोर, दुसऱ्या हातानं एकेक माणूस खाली देत होता.

एक म्हातारी शिडीवर अडली. "माका भिया वाटता. माका परत मुंबयक न्हेवा."

"आये, पाण्याकडं नको बघू, माज्याकडं बघ," तो बोलला.

पडाववाला ओरडत होता, "आटप रे, किती वेळ."

मी वरून बघत होती. आमी बाया कंबरभर पाण्यात उभं राहून होडीतली टोपली उतरवतो. मोठ्या लाटा गेल्या की पाणी जरा दम खातं, ते आमाला अंगात कळतं. तसा दम आला. यानं तो सोडला, म्हातारीला उचललं नाय. पुन्यांदा लाटा आल्या, पुन्यांदा दम आला, तेव्हा म्हातारीला उचलून अलगद पडावात ठेवली.

तो भिजून वर आला तेव्हा मी विचारलं, "पहिला दम का सोडला?"

"तिचा पाय लुगड्यात अडकला होता."

मंग अंग पुसता पुसता बोलला, "होडीवर मी असा कोणाच्या पायासाठी थांबलो नसतो. तिथं मला मासळी दिसते, माणूस दिसत नाय. इथं फक्त माणूसच बघायचा असतो."

मी दोन वर्सं चुकीचं समजून बसली होती. पाण्याला नव्हता तो भीत.

गोव्याला पोचलो, परत फिरलो. येताना मी विषय काढला नाय. मुंबईचा धक्का आला तर तो कपड्यांचं गाठोडं बांधून उभा. "चल," बोलला. "तू एवढी आलीस. येतो."

"ठेवा ते," मी बोलली. "उद्या तुमची बोट सुटायची हाय."

मुरब्याला भाऊ किनाऱ्यावरच होता. "दाजी कुठं हायत?"

"कामावर."

"मंग होडीचं काय?"

"होडी तू दुरुस्त कर आणि तूच तांडेल हो. मला मासळीत वाटा दे. आणि वारा फिरला की परत यायचं, जाळं अर्धं असलं तरी."

"लोक हसतील, आक्का."

"हसू दे. त्याची मला सवय हाय."

पहिल्याच आठवड्यात वारा फिरला तसा भाऊ सगळ्यांच्या आधी परतला. टोपली अर्धीसुद्धा भरली नव्हती. मी ती डोक्यावर घेतली आणि बोईसरला विकून आली.