डाव्या सीटवरचं वजन

सबनीस मॅडमनी पहिल्या भेटीत मला ना विषय विचारला, ना मार्क. त्यांनी विचारलं, "वजन किती तुझं?"

मी पीएच.डी. करायला मंगरुळपीरहून गाड्या बदलत बदलत लखनौला पोचलो होतो. हातात प्रमाणपत्रांची फाईल, पिशवीत आईनं दिलेल्या कुरडया. संशोधन संस्थेत चौकशी केली तर कळलं, मॅडम रजेवर आहेत, विकास नगरच्या घरी भेटतील. घरी गेलो. पोर्चमध्ये करड्या रंगाची एक छोटी गाडी पुढची चाकं काढून लोखंडी स्टँडवर उभी होती आणि तिच्याखालून फक्त दोन पाय बाहेर आले होते. मी त्या पायांना माझ्या हिंदीत विचारलं, "मैडम घर पे है क्या?" माझी हिंदी ऐकूनच गाव ओळखलं असावं. गाडीखालून मराठीत उत्तर आलं, "हाय की. थांब जरा."

मग सरपटत एक बाई बाहेर आल्या. पन्नाशी ओलांडलेली, कपाळावर काळं ग्रीस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. याच डॉ. अनुराधा सबनीस, माझ्या होऊ घातलेल्या मार्गदर्शक. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि वजन विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. आमच्याकडे आजारी पडल्यावर दवाखान्यात करतात, तेवढंच. त्या आत जाऊन वजनाचा काटा घेऊन आल्या. मी फाईल हातात धरूनच त्यावर उभा राहिलो. "फाईल खाली ठेव की," त्या म्हणाल्या. "एकसष्ट. छान. रविवारी सकाळी काय करतोस?"

मला वाटलं, सुट्टीच्या दिवशीही प्रयोगशाळेत बोलावणार. मी आनंदानं म्हटलं, काही नाही मॅडम. पुढे जवळजवळ सहा वर्षं मला त्या उत्तराचा पश्चात्ताप होत राहिला.

ती गाडी दिसायला कोणाच्याही घरची हॅचबॅक होती, पण इंजिन टर्बोचं होतं, आणि अशा गाड्यांचे भाग बदलून त्या अधिक चपळ करायच्या, हा मॅडमचा नाद. वडिलांचं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथ मशीनचं दुकान होतं. पाने आणि नटबोल्ट त्यांच्या हातांना लहानपणापासून ओळखीचे. लखनौत हाच नाद असलेली इतर मंडळीही होती. ती मंडळी शनिवारी सगळे भाग एकदम बसवत आणि रविवारी गोमती नगरला जमून एकमेकांच्या गाड्यांचे फोटो काढत. मॅडमना ते बघवत नसे. "पाच वस्तू एकदम बसवतात आणि गाडी पळाली की नाचतात. कशानं पळाली, विचार की एकाला तरी."

'कशानं' हा त्यांचा शब्द. त्या एका वेळी एकच भाग बदलत. समजा, टर्बोची गरम हवा गार करणारा मोठा इंटरकूलर बसवला. मग रविवारी सकाळी कुर्सी रोडच्या ठराविक पट्ट्यावर टेस्ट. तोच पंप, तेच पेट्रोल, टायरमध्ये तेवढीच हवा, आणि डाव्या सीटवर तोच माणूस, कारण वजन बदललं की आकडे बदलतात. तो माणूस मी. टेस्टच्या आधी मला चहासुद्धा मिळत नसे. गाडीला जोडलेलं एक छोटं यंत्र मोबाईलवर आकडे दाखवी. गाडी सुधारली असं दिसलं, की सामान्य माणूस पेढे वाटेल. मॅडम घरी येऊन तो नवा भाग काढत आणि जुना परत बसवत. पुढच्या रविवारी पुन्हा टेस्ट. गाडी पुन्हा मंद झाली, तरच त्या नव्या भागाचं श्रेय मान्य करत आणि तिसऱ्यांदा सगळं खोलून तो बसवत. त्यात लखनौला हिवाळ्यात धुकं आणि उन्हाळ्यात लूचा गरम वारा. टेस्टला योग्य रविवार वर्षातून थोडेच. एका एअर फिल्टरचा निकाल लागेपर्यंत माझ्या बहिणीचं लग्न ठरून पार पडलं.

आणि एवढं करून त्यांनी वेगमर्यादा ओलांडलेली मी कधी पाहिली नाही. "मर्यादेपर्यंत किती लवकर पोहोचते, एवढंच बघायचं," म्हणत त्या ब्रेक दाबत आणि आमच्या डावीकडून एखादा टेम्पो खुशाल पुढे निघून जाई.

शेजारी मिश्राजी राहत. बँकेतून निवृत्त, रोज सकाळी गेटवर कुंड्यांना पाणी घालत. एकदा त्यांनी अदबीनं विचारलं, "मैडम, इस बेचारी को आईसीयू में कब तक रखेंगी?"

"जब तक ठीक न हो जाए, मिश्राजी."

"इसे बीमारी क्या थी?"

"बीमार तो नहीं थी."

मिश्राजी माझ्याकडे बघून म्हणाले, "भैया, आप अपना ख़याल रखिएगा."

हा स्वभाव गाडीपुरता असता तर मी सहन केला असता. एकदा मला ताप आला, उतरला, मी कामावर गेलो. "कशानं उतरला?" मी म्हटलं, गोळी घेतली आणि काढाही घेतला. "दोन्ही एकदम घेतलंस? मग आता कसं कळणार?" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर हळहळ होती, आणि ती माझ्या तापाबद्दल नव्हती. दिवाळीला गावी जाऊन आलो की पोर्चमध्ये आधी काटा. वजन वाढलेलं असलं की डिकीतून तेवढ्याच वजनाचं सामान निघे, आणि मॅडम आईच्या अनारशांकडे संशयानं बघत.

मात्र एका पावसाळ्यात मला कावीळ झाली. हॉस्टेलवर पडून होतो. मॅडम रोज मऊ भात घेऊन येत. सोबत तो काटाही आणत. मी भिंतीला धरून काट्यावर उभा राही, त्या आकडा बघून मान हलवत. "लवकर भर की रे. गाडी खोळंबलीय." दुसरा कोणी त्या वजनाचा माणूस लखनौत मिळाला नसता असं थोडंच होतं. पण त्या महिन्यांत गाडी जागची हलली नाही. पुढे मिश्राजींनी मला सांगितलं, त्यांनी विचारलं होतं की टेस्ट का बंद आहे. मॅडम म्हणाल्या होत्या, "एक पुर्ज़ा ख़राब है."

माझं काम मेंथावर होतं, म्हणजे तेलासाठी लावतात त्या पुदिन्यावर. पानांवर एक विशिष्ट फवारा मारला तर तेल जास्त निघतं, हे माझ्या प्रबंधाचं सार. दोन हंगाम लागोपाठ तेच निघालं होतं. प्रबंध लिहून झाला. मॅडमनी इंग्रजीचं प्रत्येक वाक्य माझ्यासोबत बसून सुधारलं होतं. मराठी शाळेतून आलेल्या मला कुठे लाज वाटू दिली नाही. आता फक्त त्यांची सही उरली होती. त्याच सुमाराला आमच्या गावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची जागा निघाली. अट एकच, पीएच.डी. पूर्ण हवी. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. बाबा मंडपवाल्याकडे कामाला. त्यांच्या मालकानं माझ्या सत्काराला मंडप फुकट द्यायचं कबूल केलं होतं आणि बाबांनी ते सगळ्या बाजारात सांगितलं होतं.

मी प्रबंध घेऊन विकास नगरला गेलो. मॅडम पोर्चमध्ये स्टुलावर बसून ब्रेकचे पॅड घासत होत्या. हात पुसून त्यांनी पानं उलटली आणि एका पानावर थांबल्या.

"फवाऱ्याची रोपं कुठल्या वाफ्यात?"

"पूर्वेकडच्या, मॅडम."

"आणि बिनफवाऱ्याची?"

"पश्चिमेकडच्या."

"दोन्ही वर्षं?"

"दोन्ही वर्षं."

"म्हणजे दोन गोष्टी बदलल्या की रे. फवारा पण आणि वाफा पण."

मी म्हटलं, माती एकच आहे, पाणी एकच आहे. त्या म्हणाल्या, "कशावरून?" मग त्या पानावर बोट ठेवून, "चूक माझी आहे. मीच आधी बघायला पाहिजे होतं. येत्या हंगामात अदलाबदल कर. पश्चिमेला फवारा, पूर्वेला काही नाही. मग सही."

चूक त्यांची आणि वर्ष माझं. मी इतका चिडलो होतो की माझा आवाज बदलला. "मॅडम, गावची जागा जाईल."

"जाईल."

"मग?"

"मग दुसरी येईल. काय सांगायलास तू मला? गाडीतलं काढून जुनं बसवता येतं, गजानन. छापलेलं कुठं काढणार?"

संध्याकाळी बाबांना फोन केला. वाटलं, निदान ते तरी माझ्या बाजूनं रागावतील. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "बाई काय म्हनते, परत लाव?" हो म्हटलं. "मंग लाव ना बावा. बाई काई उगाच सांगत नसन." मालकाच्या मंडपाचं काय, ते मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. गावची जागा दुसऱ्याला मिळाली. बाजारातून जाताना बाबांना लोक काय विचारत असतील, हे मनात येऊन मी ते वर्ष काढलं. दर रविवारी मात्र निमूट डाव्या सीटवर बसत होतो. मी बोलत नसे. मॅडमही बोलत नसत. टेस्टला ते बरंच, असं त्या एकदा म्हणाल्या.

जूनमध्ये तेल काढलं. आकडे जसेच्या तसे. पश्चिमेकडचं तेल वाढलं, पूर्वेकडचं उतरलं. जिथे फवारा तिथे तेल जास्त, जे दोन वर्षं दिसत होतं तेच. मी कागद मॅडमपुढे ठेवला. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी पाना खाली ठेवला.

"बघ. खरं होतं."

"मॅडम, हे मला गेल्या वर्षीच माहीत होतं."

"वाटत होतं," त्या म्हणाल्या आणि पेनासाठी माझ्या खिशाकडे हात केला.

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी ते प्रकरण उघडलंसुद्धा नाही. मी वाट बघत होतो की कोणीतरी वाफ्यांबद्दल विचारेल. त्यांनी जेवणात काय आहे ते विचारलं. मी मॅडमकडे पाहिलं. त्या शांतपणे फाईल बंद करत होत्या.

पुढच्या हिवाळ्यात त्या निवृत्त झाल्या. कोल्हापूरला परत जायचं ठरलं, गाडी चालवत. मला वाटलं, आता तरी सुटलो. एका रविवारी गेलो तर मॅडमनी पलंगाखालून कंपनीचे मूळ भाग बाहेर काढले होते. प्रत्येक भाग जुन्या साडीत गुंडाळलेला. आता सगळं एकेक करून काढायचं आणि मूळचं बसवायचं, त्या म्हणाल्या. गाडी घेतली तशी करायची.

"विकणार आहात?"

"छे. बघायचंय."

"काय बघायचंय?"

"एवढ्या वर्षांत खरंच काही झालं का."

झालं होतं. मूळ रूपातली ती गाडी कुर्सी रोडवर इतकी सुस्त चालली की मलाही वाईट वाटलं. मॅडम समाधानानं घरी आल्या आणि सगळं परत खोलायला बसल्या. सामान न्यायला ट्रक आला तेव्हा गाडीचा पुढचा भाग अजून अंगणात होता. मिश्राजींनी हमालांना सरबत दिलं आणि म्हणाले, "बैठिए भैया, अभी ऑपरेशन चल रहा है."

निघायच्या सकाळी मी सोबत बसलो. कानपूर रोडला लागायच्या आधी, आलमबागला मेट्रोच्या खांबापाशी त्यांनी गाडी थांबवली. मला तिथून हॉस्टेलला परतायचं होतं. मी काहीतरी कृतज्ञतेचं बोलायचं ठरवून आलो होतो. वाक्यं पाठ होती.

"उतर," त्या म्हणाल्या. "एकसष्ट किलो कमी झाले की बघ कशी पळते." मी उतरलो. मागून बसचा हॉर्न वाजत होता. त्या मर्यादेतल्या वेगानं निघून गेल्या.

मला पुढे कारंज्याच्या कॉलेजात नोकरी लागली. वर्षभरानं स्टाफरूममध्ये फोन वाजला. नमस्कार नाही, काही नाही.

"वजन किती तुझं?"

मी म्हटलं, मॅडम, कशा आहात? त्यांनी ते ऐकलंच नाही. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर टेस्ट चालू होत्या. डाव्या सीटवर एकसष्ट किलो तांदळाचं पोतं ठेवलं होतं, बेल्ट लावून. "पण बरोबर वाटेना. तू बदलला असशील."

"लग्न झालंय मॅडम. थोडं वाढलं असेल."

"असेल काय? बघ की."

तास सुरू व्हायचा होता. तरी मी चिडत बाजारात गेलो आणि धान्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभा राहिलो. माझे दोन विद्यार्थी बघत होते. अडुसष्ट. मी तिथूनच मॅडमना मेसेज केला. तुरीच्या पोत्यांमध्ये उभा असतानाच त्यांचं उत्तर आलं. एकच शब्द होता.

"कशानं?"

मी लिहायला लागलो आणि थांबलो. नोकरी आणि लग्न एकाच महिन्यात झालं होतं. आता कसं सांगणार? दुकानदार म्हणाला, "सर, उतरा आता, गिऱ्हाईक थांबलंय." मी काट्यावरच उभा राहून काय उत्तर द्यावं याचा विचार करत होतो.