लाल माळाच्या अलीकडचं शेत

डोंबिवलीच्या खाडीकडच्या अंगाला लक्ष्मीचं शेत होतं. खारं पाणी आत येऊ नये म्हणून सासऱ्याने घातलेला मातीचा बांध, आत भात आणि कोपऱ्यात जिताडा माशांचं तळं. शेताला लागून लाल माळ. तिथे एका रंगाच्या कारखान्याने वर्षानुवर्षं गाळ आणि पिंपं आणून टाकलेली. कारखाना बंद पडला, मालक कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. माळ तेवढा राहिला. त्यावर गवतसुद्धा उगवत नसे.

लक्ष्मीच्या म्हशी त्या माळावरच्या डबक्याचं पाणी पिऊन मेल्या, तेव्हा ती पेटून उठली. गावातल्या बायका जमवून कल्याणच्या कचेऱ्यांत खेटे घातले. लोक हसले, साहेब टाळत राहिले, पण ती हटली नाही. शेवटी माळ साफ करायचा हुकूम निघाला.

कामावरचा इंजिनियर साकेत तिच्या दारात आला. "मावशी, गावच्या गल्लीतून डंपर शिरत नाही. खाडीकडून यायचं तर तुमचा बांध फोडावा लागेल. काम संपलं की बांधून देतो."

नवरा, काळुराम, ओटीवरूनच म्हणाला, "बांध राहू दे, लक्ष्मे."

"घाण जायाची हाय तर तिला वाट नको द्यायला?" लक्ष्मी म्हणाली, आणि हो म्हणून बसली.

बांध फुटला, डंपर शेतातून ये-जा करू लागले. माळ उकरला तशी नाकाला झोंबणारी वाफ सुटली. तरी लक्ष्मीला बरं वाटायचं. कामगारांना ती किटलीभर चहा नेऊन द्यायची. एवढा खोल खड्डा पडलाय म्हणजे विष मुळापासून निघतंय, असं ती शेजारच्या गोपीनाथला सांगायची.

मग एकाएकी डंपर यायचे थांबले. ही माती ज्या गावाजवळ टाकत होते, तिथल्या बायका रस्त्यात आडव्या बसल्या होत्या. आमच्या दारात नको, म्हणाल्या. लक्ष्मीला त्यांचा रागही धरता येईना. आपण तरी दुसरं काय केलं असतं?

मशीनं निघून गेली. खड्डा उघडा आणि बांध फुटका राहिला. अमावास्येचं उधाण तोंडावर आलं तेव्हा तिने साकेतला फोन लावला.

"मावशी, काम बंद ठेवायला सांगितलंय. मी मशीन पाठवू शकत नाही," तो म्हणाला. "खरंच नाही."

लक्ष्मी आणि काळुराम गोणींत माती भरू लागले. गोपीनाथही आला. चिखलात गुडघाभर रुतून त्यांनी गोणीवर गोण रचली. भर दुपारी पाणी चढलं. आधी गोणींच्या फटींतून झिरपलं, मग एक गोण सरकली आणि सगळी रास बसली. काळुराम वाहत्या गोणीला धरून ओढत राहिला. लक्ष्मीने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

पाणी भातातून थेट खड्ड्यात गेलं. ओहोटीला परतलं ते लाल होऊन. पुन्हा भातातून, तळ्यातून. संध्याकाळपर्यंत जिताडे पोट वर करून तरंगत होते.

"झाकलेलं होतं ते उकरायला कुणी सांगितलं हिला," पाणवठ्यावर बायका बोलल्या, तिला ऐकू जाईल अशा. या बायका कल्याणला तिच्या शेजारी बसलेल्या होत्या. लक्ष्मीने हंडा भरला नाही, तशीच परत फिरली.

मुलगा विकी कळव्याहून आला. "आई, चला माझ्याकडं. इथं काय ठेवलंय आता?"

"तुझा बाप येल का?"

काळुराम फुटक्या बांधावर जाऊन बसला होता. विकीने जाऊन विचारलं, तरी तो जागचा हलला नाही. उधाणाच्या दिवसापासून तो लक्ष्मीशी बोललाही नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात लक्ष्मी एकटीच कल्याणला गेली. ओळखीच्या साहेबाने तिला पाहून कपाळाला हात लावला. "आता काय, बाई? तुमचंच काम अडकलंय ना?"

"माळाचं नाय साहेब. माझं शेत साफ करा."

"त्याचीही माती काढावी लागेल. सगळी."

"काढा."

"आणि टाकायची कुठे?"

साहेब दुसऱ्या कागदाकडे वळला. ती बाहेर बाकावर येऊन बसली. शिपायाने एकेक करून पंखे बंद केले, तरी ती उठली नाही.