मिडफील्डमधला चौथा माणूस

साहेब लोक हाताखालच्या माणसाला खेळायला बोलावतात तेव्हा त्यात त्यांचं काहीतरी काम दडलेलं असतं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि अजून ते पुरतं गेलेलं नाही. त्यामुळे अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या फॅब्रिकेशन यार्डाच्या ऑस्ट्रेलियन प्रोजेक्ट मॅनेजरने मला पोर्टाकॅबिनच्या दारात अडवून शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, काय करतोस असं विचारलं, तेव्हा मी आधी आठवडाभरातल्या माझ्या चुका मनात आठवून पाहिल्या. एकही अशी सापडली नाही की जिच्यासाठी त्याने स्वतः उठून यावं. तेव्हा तर मला जास्तच संशय आला.

झालं होतं ते एवढंच. आदल्या दिवशी शमालच्या, म्हणजे तिकडच्या वाळू उडवणाऱ्या, वाऱ्यात माझ्या टेबलावरची ड्रॉइंगची शीट दारातून उडाली आणि मी तिच्यामागे यार्डभर धावलो. फोर्कलिफ्ट चुकवली, रचलेल्या बीमवरून उडी टाकली आणि कुंपणापाशी शीट धरली. मॅनेजर वरच्या खिडकीतून हे बघत होता. असं पळायला कुठे शिकलास, हा त्याचा पुढचा प्रश्न. मी खो-खो सांगितलं. इचलकरंजीला शाळा-कॉलेजात मी खो-खो खेळलो होतो आणि बरा खेळलो होतो. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण शुक्रवारी त्याची जीप माझ्या बिल्डिंगखाली हॉर्न वाजवत उभी राहिली.

ऑस्ट्रेलियन लोकांचा तो फुटबॉल आपल्याकडे कोणी पाहिलेला नसतो. मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल. चेंडू फेकायचा नाही, मुठीने ठोसायचा किंवा पायाने मारायचा. सुरुवातीला अंपायर मधोमध चेंडू जमिनीवर आपटतो, तो उंच उडतो आणि मग जे काही होतं ते मला पहिल्या दिवशी थेट मारामारीसारखंच वाटलं. अबू धाबीत तेव्हा चारच टीम होत्या, ठेकेदारांच्या आणि कन्सल्टंटांच्या. ऑस्ट्रेलियन माणसं पुरत नसत, म्हणून आयरिश, दक्षिण आफ्रिकेचे, लंकेचा एक सर्व्हेअर असे जमवून जेमतेम संघ व्हायचा. बाहेर बसायला कधी कोणी उरायचंच नाही. मीही त्या भरतीतलाच, अशी मी समजूत करून घेतली.

दोन-तीन शुक्रवार मला कडेला पळवल्यावर मॅनेजरने मला मधे घेतलं आणि काम दिलं. चेंडूकडे बघायचंच नाही. समोरच्या टीममधला त्यांचा सगळ्यात चांगला गडी होता, त्याला चिकटून राहायचं. तो जाईल तिथे जायचं, तो थांबला की थांबायचं, त्याला चेंडू मिळू द्यायचा नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने गड्याला हात लावून मोकळं व्हायचं असतं. इथे हात लावायचा नव्हता, नुसतं तिथे असायचं होतं. मला ते जमण्यासारखं होतं. पण समोरचा तो गडी कोण होता? कन्सल्टंटचा इंजिनिअर. तांबड्या केसांचा, लांब टांगांचा. आमची सगळी शॉप ड्रॉइंग त्याच्या टेबलावर जात आणि त्याच्या शिक्क्यानेच पास होत.

आता माझं सांगतो. बायको आणि दोन वर्षांची मुलगी इचलकरंजीत होत्या. मुलगी फोनवर मला बाबा न म्हणता 'हॅलो' म्हणायची, कारण तिच्या लेखी मी म्हणजे तो फोनच. फॅमिली व्हिसाला जो हुद्दा आणि पगार लागतो तो मला नव्हता. एका मोठ्या गोदामाच्या छताचं काम माझ्याकडे होतं. त्याची ड्रॉइंग पास झाली की तुला सीनियर करतो, असं मॅनेजर म्हणाला होता. म्हणजे माझं घर त्या तांबड्याच्या शिक्क्यावर लटकलेलं, आणि शुक्रवारी त्याच तांबड्याला हैराण करायचं काम माझ्याकडे.

माझा रूममेट संगमनेरचा. टाइमकीपर होता आणि सगळ्या जगाची खबर ठेवायचा. संध्याकाळी कुकरची शिट्टी मोजता मोजता तो म्हणाला, "तुला फसवतायत रे. शुक्रवारी त्याला धक्के मारणार आणि शनिवारी त्याच्याकडूनच ड्रॉइंग पास करून घेणार? खलास समज. उद्या बोंब झाली तर साहब बोलेगा, मैंने थोडी बोला था."

मला हे आधीच सुचलेलं होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते खरं वाटायला लागलं. तरी नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं तर बढतीच्या लेटरवर सही करणारा नाराज, हो म्हटलं तर शिक्का मारणारा नाराज. मी पहिल्या गाठीतच तांबड्याला इतका चिकटलो की तो पाणी प्यायला गेला तरी मी मागे. तो वैतागला, मग हसायला लागला. मॅच संपल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, शनिवारी भेटू. बाकीचे हसले.

शनिवारी ड्रॉइंग परत आलं. लाल पेनाच्या खुणा, खाली 'रिवाइज अँड रिसबमिट'. रूममेटने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि भाजीत मीठ टाकलं.

मी मॅनेजरकडे गेलो आणि मला मिडफील्डमधून काढा, मागे उभं करा, असं सांगितलं. तो कँटीनमध्ये जेवत होता. त्याने टेबलावरची मिठाची आणि मिरपुडीची बाटली पुढे ओढली. हे दोन चेंडूवर तुटून पडणारे, म्हणाला. मग सॉसची बाटली जरा लांब ठेवली, हा बाहेरून पळणारा. मग लोणच्याची बरणी घेतली आणि ती आपल्या पाण्याच्या ग्लासाला टेकवून ठेवली. ग्लास म्हणजे तांबड्या आणि बरणी म्हणजे मी. सगळेच चेंडूमागे धावले तर मिडफील्ड एका बाजूला कलंडतं. चौथा माणूस दुसऱ्याचा खेळ अडवतो म्हणून बाकीच्या तिघांना खेळता येतं. त्याने बरणी उचलून दाखवली आणि ग्लास टेबलभर फिरवला. मी ड्रॉइंगचं बोललो. ऑफिस ऑफिसच्या जागी, असं म्हणून तो परत जेवायला लागला.

बोलणं पटण्यासारखं होतं, आणि पटण्यासारखं बोलणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो. ड्रॉइंगमधल्या त्या लाल खुणा मी मात्र नीट तपासल्या. त्यातल्या बहुतेक रास्त होत्या, हे मी रूममेटला सांगितलं नाही. सगळ्या दुरुस्त केल्या, ब्रेसिंगची, म्हणजे तिरप्या आधारांची, जोडणी नव्याने काढली आणि ड्रॉइंग पुन्हा पाठवलं. इतकं चोख काम मी त्याआधी केलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सीझनची शेवटची मॅच आली, तांबड्याच्याच टीमशी. दुबईहून तीन-चार नवी माणसं आली होती, त्यामुळे पहिल्यांदाच आमच्याकडे बाहेर बसायला माणसं होती. खेळाचे चार भाग असतात. दोन भाग मी तांबड्याला चेंडूचा वास येऊ दिला नाही. आम्ही पुढे होतो. मॅनेजर मैदानाच्या कडेला उभा राहून माझ्याकडे बघून शाबास म्हणून अंगठा वर करत होता. एकदा तांबड्या त्याच्या जवळून गेला तेव्हा दोघं काहीतरी बोलले आणि हसले. ते मी पाहिलं. तिसऱ्या भागाच्या मधेच मॅनेजरने हात वर करून मला हाक मारली आणि बाहेर बोलावलं. माझ्या जागी दुबईहून आलेला एक जाडा गडी आत गेला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढे असताना, माझं काम चांगलं चाललेलं असताना, मला काढतो म्हणजे काय? मी खेळलो त्या खेळांत बाद झाला तो बाद, बाहेर गेला तो बाहेर. क्रिकेटमध्ये कप्तानाने बॅट्समनला परत बोलावून पुन्हा पाठवलेलं कोणी पाहिलंय? मी एकच अर्थ लावला. तांबड्याला मोकळं सोडायचं, त्याला मॅच द्यायची, आणि त्याबदल्यात शनिवारी गोदामाचं ड्रॉइंग पास करून घ्यायचं. मला बरणीसारखं उचलून बाजूला ठेवलं होतं. राग आला, आणि रागापेक्षा अपमान जास्त वाटला. मी तिथेच बूट काढले, चपला घातल्या आणि कोणाशीही न बोलता पार्किंगमध्ये जाऊन लंकेच्या सर्व्हेअरच्या गाडीत बसलो. काच वर केली. बाहेरचा आरडाओरडा ऐकू येत होता, कोणाचा ते मी बघितलं नाही.

आम्ही हरलो. शेवटच्या भागात एकट्या तांबड्याने तीन गोल केले, असं सर्व्हेअरने परत जाताना सांगितलं. मॅनेजर माझ्याशी बोलला नाही. मीही बोललो नाही. न बोलणं हीच त्याची कबुली, असं मी धरून चाललो.

आणि त्या आठवड्यात ड्रॉइंग पास होऊन आलं. एकही लाल खूण नाही. पुढच्या महिन्यात मॅनेजरने सीनियरचं लेटर सही करून माझ्या टेबलावर ठेवलं. ठेवताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

बायको आणि मुलगी आल्या. एअरपोर्टवर मुलगी माझ्याकडे यायला तयार नव्हती, मग हळूहळू आली. घर लागलं. बायको म्हणायची, "अहो, तुमचे साहेब भला माणूस दिसतात. एकदा घरी जेवायला बोलवा ना." मी हो हो म्हणायचो आणि बोलवायचो नाही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं घरात होतं, तरी तिला हसताना पाहिलं की मनात यायचं, हिला आणलंय ते मॅच विकून. माझं ड्रॉइंग स्वतःच्या गुणावर पास झालं की मैदानातल्या माझ्या रिकाम्या जागेवर, हे मला कळायला मार्ग नव्हता. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम ते, आणि त्याच्यावर माझा विश्वास उरला नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात खेळ सुरू झाले तेव्हा मॅनेजरने मला मागे, आमच्या गोलपाशी उभं केलं. मिडफील्डमध्ये घेतलं नाही. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, काम झालं, आता याची गरज काय. टीम आता मोठी झाली होती, बाहेर चार-पाच जण बसायचे. एका शुक्रवारी मी पायाला लागलं म्हणून बाहेर आलो आणि मॅनेजरच्या शेजारी बसलो. तेवढ्यात त्याने मिडफील्डमधल्या आयरिश पोराला हाक मारून बाहेर बोलावलं. पोरगा जीव तोडून खेळत होता. मला वाटलं, आणखी एक. तो येऊन बसला, पाणी प्यायला आणि बुटाची नाडी सैल करायला लागला. मॅनेजर त्याच्यावर खेकसला, बूट काढू नकोस, पाच मिनिटांत परत जायचंय. आणि खरंच, पाच मिनिटांनी त्याला परत आत पाठवलं.

मी विचारलं, हे असं नेहमी करतात का? तो म्हणाला, मिडफील्डवाले सगळ्यात जास्त पळतात, दम घ्यायला बाहेर आणावंच लागतं. जे शेवटी हवे असतात त्यांना आधी बाहेर आणतात. हे सांगताना त्याचा आवाज बदलला आणि तो माझ्याकडे वळला.

"त्या दिवशी तू कुठे गेला होतास? शेवटच्या भागात तुला परत घालायला मी सगळीकडे शोधलं."

"तुम्ही मला काढलं होतं."

"दम घ्यायला काढलं होतं."

तो मैदानाकडे बघत म्हणाला, "मी तर समजत होतो तू त्याच्याशी ठरवूनच निघून गेलास. ड्रॉइंगसाठी."

म्हणजे वर्षभर मी त्याला चोर समजत होतो आणि तो मला. दोघांनाही एकमेकांना विचारावंसं वाटलं नव्हतं. मी त्याला आमच्याकडची पद्धत सांगितली, बाद म्हणजे बाद, खो-खो, क्रिकेट, सगळं. फार भराभर सांगितलं, आणि भराभर सांगितलेलं खोटं वाटतं हे सांगतानाच मला कळत होतं. तो 'राइट' म्हणाला. मग मी विचारलं, असं समजत होतात तर लेटरवर सही का केलीत?

"ड्रॉइंग चांगलं होतं," तो म्हणाला. "आणि तुझी बायको वाट बघत होती ना."

मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. माझं खरं त्याला पटलंय का, ते त्या तोंडावरून मला काही केल्या कळेना. हा प्रश्न सुटायला फार दिवस लागले नाहीत. पुढच्याच शुक्रवारी कन्सल्टंटच्या टीमशी मॅच होती. पाय बरा झाला होता, तसं मी त्याला आवर्जून सांगितलं. त्याने मान हलवली आणि तांबड्यापाशी उभं राहायला आयरिश पोराला पाठवलं. मी मागे आमच्या गोलपाशी जाऊन उभा राहिलो. त्याच्या सहीने आलेल्या माझी बायको आणि मुलगी दोरीपाशी चटई टाकून बसल्या होत्या आणि मला हात करत होत्या.