चौतीस अंशांवर

कस्तुरा ओव्हाळ दापोडीची. वडील कामगार, घरातली पहिली एम.एस्सी. तीच. चाकणच्या एका तेल बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये तिची एकोणीस वर्षं गेली.

कंपनी विजेची पॅनेलं पुसायचं तेल बनवायची. त्या तेलात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असत, प्रत्येकाभोवती साबणासारखं पातळ आवरण. थेंब सुटे असेपर्यंत वीज फारशी वाहत नाही. तेल तापलं की ते एकमेकांना भिडतात, आवरणं उघडतात आणि ठरावीक तापमानाला वीज एकदम वाट काढते. जुन्या तेलात हे बावन्न अंशांवर व्हायचं. डाग लवकर निघावेत म्हणून कंपनीने त्यात युरिया घातला, आणि चौतीसलाच मीटरवरचा आकडा उसळला. कस्तुराने तीनदा मोजलं. मग स्वतःहून चिमूटभर कोलेस्टेरॉल घालून पाहिलं. आवरण घट्ट झालं, उसळी छप्पन्नवर गेली.

"सर, मे महिन्यात आपल्या शेडमध्येच चाळीस असतं," ती मॅनेजर ज्ञानेश सरांना म्हणाली.

"मॅडम, तपासणी पंचवीसला करायची. पंचवीसला पास आहे ना?"

"आहे, पण..."

"मग रिपोर्टवर सही करा."

तिने केली नाही. आठवड्यात तिची पॅकिंगला बदली झाली. सही दुसऱ्या कुणीतरी केली. डब्यांवर छापून आलं, 'चालू विजेवरही सुरक्षित.'

मे महिन्यात कंपनीतलाच फिटर रहिमान त्याच तेलाने चालू पॅनेल पुसत होता. विजेचा झटका बसला आणि त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. चौकशीत लिहिलं गेलं, हात घामाने ओले होते. कस्तुराने आपली वही पुढे केली. चौकशी अधिकाऱ्यांनी दोन पानं चाळली. "हे तुमचं तुम्ही केलेलं. नियमात पंचवीस आहे."

ती मोशीला रहिमानच्या घरी गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्या बायकोला, खातूनबीला, तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. मी साहेबांना सांगितलं होतं."

"साहेबांना," खातूनबी म्हणाली. "आणि यांना?"

रहिमान दर सोमवारी पॅकिंगमधूनच तेलाचा डबा न्यायचा. "काय ताई, बरंय ना?" विचारायचा. त्याला सांगावं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

ती पुन्हा मोशीला गेली नाही. दिवाळीआधी ते कुटुंब खोली सोडून गावी निघून गेलं, असं तिला कंपनीच्या बसमध्ये कळलं.