विटांवरचा ऑइल पेंट

“साहेब, घर धोक्याचं आहे, एवढं लिहून द्या. बाकी मी पाहून घेतो,” रमेशराव फाटकातच म्हणाले. मी अजून घर आतून पाहिलंही नव्हतं.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. नागपुरात आर्किटेक्ट म्हणून माझी छोटी प्रॅक्टिस होती. शहरातल्याच इंदोरा वस्तीतलं हे लाल विटांचं जुनं घर रमेशरावांच्या वहिनीचं, गजभिये बाईंचं. बाई शाळेत शिकवायच्या. नवरा वारलेला, सोबत अंथरुणाला खिळलेली सासू. रमेशरावांना जागा विकायची होती आणि बाई तयार नव्हत्या.

आत गेलो. ओल गुडघ्याच्या वर चढलेली, खोलीत कुबट वास. बाहेर येऊन पाहिलं, भिंतीवर चकचकीत हिरवा ऑइल पेंट आणि त्यावर जागोजागी फोड. एक नखानं उचकटला. मागून पाणी ओघळलं आणि विटेचा पापुद्रा हातात आला.

“हा पेंट कोणी सुचवला?”

“ठेकेदारानं. त्याला रमेशभाऊंनीच आणलं,” बाई म्हणाल्या. “वॉटरप्रूफ आहे म्हणे. साहेब, खरं सांगा, माझं घर पडाले आलं का?”

ठेकेदार मागेच उभा होता. “पुरानी ईंट है साब. एक कोट और मारो, नहीं तो गिरा दो.”

माझं डोकं फिरलं. अशी घरं चुन्यात बांधलेली असतात. जमिनीतली ओल विटांत चढणारच. ती बाहेरच्या अंगानं वाळून जाते. त्यावर ऑइल पेंट म्हणजे घामेजल्या माणसाला रबरी कोट. ओल आत कोंडते, तिच्यातले क्षार विटा फोडतात. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हा. आयुष्य रंगकामात गेलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं?

“घर पक्कं आहे,” मी म्हणालो. “नासवलंय ते तुमच्या पेंटनं.”

रमेशराव उसळले. “तुमाले इथं आणलं कोणी? मीच ना?”

“आणलंत. म्हणून खोटं लिहून देऊ?”

बाई पुढे झाल्या. त्या दिराकडे वळल्या. “काहून केलं भाऊ असं? आत म्हातारी खोकून राहिली. माझी सासू आहे, पण तुमची तर आई आहे ना?”

रमेशराव तडक फाटकाबाहेर पडले. स्कूटरला किक मारून निघून गेले. ठेकेदार पायीच त्यांच्या मागे.

उन्हाळा लागला होता. पेंट खरवडून काढला, सांध्यांत मागाहून कुणी भरलेलं सिमेंट उकरून चुना भरला. मग मुद्दाम काहीच केलं नाही. नागपूरचं ऊन भिंतीला खाऊ दिलं. उघड्या विटा पाहून शेजारी हसले. “मास्तरीणबाईचे पैसे सरले वाटते!” बाईंनी ते ऐकून घेतलं. पावसाच्या तोंडावर गेरू कालवलेल्या चुन्याचे हात दिले. चुन्यातून ओल बाहेर पडते. मात्र तो दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो.

ओल पुरती गेली नाही, पण घोट्याच्या वर चढली नाही. म्हातारी त्याच घरात पुढे बरीच वर्षं जगली. रमेशराव तिला भेटायला यायचे, जागेचा विषय न काढता. ठेकेदाराचं काही बिघडलं नाही. पुढे तो मला दुसऱ्या एका जुन्या घराच्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारताना दिसला.

जुन्या भिंतीला कोणता रंग द्यावा, असं लोक अजून विचारतात. मी आधी विचारतो, आजवर सल्ला कोणी दिला, आणि त्याला घर हवंय की जागा?